शंभरचं टाका

सकाळी सहाच्या सुमारास आमच्या बायपासवरच्या पंपावर दुचाक्यांची रांग लागते. त्या रांगेत 'लिटर' हा शब्द मी कित्येक महिन्यांत ऐकलेला नाही. "शंभरचं टाका." "दादा, शंभरचं." दोनशेचं सांगणारा दिसला तर महिन्याचा पहिला आठवडा चालू आहे असं समजायचं. एक गृहस्थ नेमाने "एकशे दहाचं" म्हणतात, कारण गोल आकड्याला मशीन कमी सोडतं अशी त्यांची पक्की समजूत आहे. पंपावरचा मुलगा "झिरो बघा" म्हणतो आणि गिऱ्हाईक झिरोकडे न बघता मागच्या पाकिटात हात घालतं. पुण्यात २०२१ च्या पावसाळ्यापासून शंभर रुपयांत लिटरभर पेट्रोल येत नाही. आपण नेमकं किती घेतलं हे या रांगेतल्या कुणालाही सांगता येणार नाही, आणि जाणून घ्यायची कुणाची इच्छाही नाही.

पेट्रोल महागलं की माणूस गाडी कमी वापरेल, दुसरी गाडी घेईल किंवा बसने जाईल, असं अर्थशास्त्राचं पुस्तक सांगतं. पुस्तक चुकीचं नाही. पण त्यात माणसासमोर दोन-तीन दरवाजे असतात असं गृहीत धरलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आमच्या रांगेतल्या माणसाला दरवाजाच नाही. 'कोणती गाडी परवडेल?' हा प्रश्न त्याच्या गळ्यात घातला आहे, आणि तो मुळात त्याच्या एकट्याचा प्रश्न नाही.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर तिशीतला एक मुलगा राहतो. नऱ्ह्यात वन आरके, नोकरी भोसरी एमआयडीसीत, कंत्राटी. जाऊन-येऊन पन्नासएक किलोमीटर पडतात. २०१६ ची मोटरसायकल आहे, पन्नासचं ॲव्हरेज देते. म्हणजे दिवसाला एक लिटर. २०२५ च्या भावाने लिटरला १०४ रुपये धरले आणि महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर २,७०० रुपये. हातात येतात १९,०००. पगाराचा सातवा हिस्सा नोकरीवर पोचण्यातच जातो. टायर, ऑइल, चेन-स्प्रॉकेट वेगळं.

मग भोसरीतच का राहत नाही? मीही त्याला हे विचारलं होतं आणि विचारल्यावर जीभ चावली होती. नऱ्ह्याची खोली वडिलांनी गावची जमीन विकून घेतलेली. आई इथल्या दवाखान्यात दर पंधरा दिवसांनी जाते. मुलगी इथल्या शाळेत. आणि कंत्राट अकरा महिन्यांचं. बारावा महिना भोसरीत असेल, चाकणला असेल की रांजणगावला, हे ठेकेदारालाही माहीत नसतं. घर एकदा होतं, नोकरी दरवर्षी हलते. मधलं अंतर पेट्रोलने भरून काढायचं.

दर वाढतो तेव्हा हे अंतर कमी होत नाही. कमी होतात त्या बाकीच्या गोष्टी. सर्व्हिसिंग तीन महिन्यांवरून सहा महिन्यांवर जातं. सिग्नलला गाडी बंद होते, ते चांगलंच आहे. झिजलेला टायर आणखी एक पावसाळा काढतो. आणि उतार आला की गाडी न्यूट्रल होते. आमच्याकडे उताराला तोटा नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्या महाराष्ट्राला बातम्यांमधून पाठ झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने एकामागून एक कित्येक वाहनं ठोकरली. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलला टाकून किंवा इंजिन बंद करून हा उतार उतरवतात आणि मग ब्रेक दगा देतात, हे पोलीस आणि आरटीओचे लोक इतकी वर्षं सांगत आले आहेत. रस्त्याची आखणी, वेग, चढलेला माल ही कारणंही आहेतच. पण डिझेलच्या भावाचा आणि माणसाच्या जिवाचा इतका सरळ संबंध मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही. आमचा हा मुलगा रोज त्याच पुलाखालून जातो. वर न्यूट्रलमधला ट्रक आणि खाली टक्कल पडलेला टायर.

एक वाहन मात्र खरोखर उभं राहतं. त्याच्या बायकोचं. ती हडपसरला एका गारमेंट युनिटात शिलाईला जायची, जुन्या स्कूटरवर, जाऊन-येऊन छत्तीस किलोमीटर. पगार नऊ हजार. २०२२ च्या उन्हाळ्यात दोन्ही गाड्यांच्या पेट्रोलचा हिशोब मांडला तेव्हा तिच्या स्कूटरचे दोन हजारांवर, पाळणाघराचे अडीच हजार, आणि हातात उरत होते चार. बसने जायचं तर आधी शेअर रिक्षाने कात्रज, मग हडपसर. मुलगी शाळेतून सुटायची वेळ गाठता येईना. तिने नोकरी सोडली. आता घरी साड्यांना फॉल-पिको करते. नवऱ्याची गाडी चालू राहणार आणि बायकोची थांबणार, हे त्या घरात कुणी बोलून ठरवलं नाही. ते तसंच ठरतं. स्कूटर अजून पार्किंगमध्ये आहे, तिच्या सीटवर बसून पोरं मोबाइल खेळतात. इंधन दरवाढीवरच्या चर्चेत महागाईचा टक्का निघतो, भाजीपाल्याचा भाव निघतो. ही उभी राहिलेली स्कूटर कुठल्याच तक्त्यात धरत नाहीत.

आता गाडीच्या निवडीकडे वळू, कारण सगळे सल्ले तिथेच येतात. 'सीएनजी घे', 'इलेक्ट्रिक घे', 'डिझेल घ्यायला हवं होतं'. गेल्या पंधरा वर्षांत ज्यांनी ज्यांनी भाव बघून गाडी घेतली, त्यांचं काय झालं ते पाहा.

२०१२ साली मुंबईत पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे तीसेक रुपयांचं अंतर होतं. शहाण्या लोकांनी लाखभर जास्त मोजून डिझेल गाड्या घेतल्या. जानेवारी २०१३ पासून डिझेल दर महिन्याला पन्नास पैशांनी चढू लागलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये ते नियंत्रणमुक्त झालं, अंतर मिटत गेलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराबद्दलचं कडक मानक आलं आणि मारुती सुझुकीसारख्या कंपनीने डिझेल गाड्या बनवणंच सोडून दिलं. लोकांचे हप्ते काही अंतर मिटायच्या आधी फिटले नव्हते.

मग सीएनजी. १ एप्रिल २०२२ ला राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीनवर आणला आणि पुण्यात किलोचा भाव बासष्टच्या आसपास उतरला. रिक्षावाल्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. वर्ष संपायच्या आत भाव नव्वदीत गेला. जगात गॅस महागला होता हे खरं, युक्रेनचं युद्ध होतं हेही खरं. पण ज्याने किट बसवलं त्याला जगाचा खुलासा काय कामाचा? त्यात पंपावरची रांग, दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, आणि डिकी गेली ती गेलीच. जुलै २०२४ मध्ये बजाजने पुण्यातच सीएनजीवर चालणारी मोटरसायकल आणली, सीटखाली दोन किलोची टाकी. कल्पना हुशार आहे. आमच्या मुलाने चौकशीही केली. "काका, दोन किलोसाठी रिक्षांच्या मागे पाऊण तास उभं राहायचं, तर शिफ्ट कधी गाठायची?"

इलेक्ट्रिकचं गणित कागदावर सगळ्यात देखणं आहे, किलोमीटरला वीस-पंचवीस पैसे. पण ते ज्याच्या नावावर पार्किंग आहे त्याचं गणित आहे. आमची इमारत गुंठ्यावर बांधलेली. पार्किंगमध्ये एक बल्ब आहे, तोही सोसायटीच्या मीटरवर, आणि त्यावरून दर वार्षिक सभेत भांडण होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाने इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. तो रोज रात्री गॅलरीतून तीस मीटरची वायर खाली सोडतो आणि प्लगवर प्लॅस्टिकची पिशवी बांधतो. पहिल्या पावसात खालच्या बाईंनी त्याला असं काही सुनावलं की आता तो भावाच्या दुकानात चार्ज करतो. सरकारचं म्हणाल तर फेम-२ योजनेत दुचाकीला किमतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत अनुदान होतं, ते १ जून २०२३ पासून पंधरा टक्क्यांवर आलं. ज्यांना घाई करता आली त्यांना मिळालं. घाई करायला बचत लागते.

आणि जे कुठेच गेले नाहीत, जुन्या पेट्रोल गाडीवरच राहिले, त्यांच्याकडे इंधनच बदलून आलं. २०२५ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, निवड नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं की अशा पेट्रोलसाठी न बनलेल्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन-चार टक्क्यांनी उतरेल. पन्नासचं ॲव्हरेज असेल तर दीड-दोन किलोमीटर. भाव जागेवर, प्रवास महाग. आपल्या साखर पट्ट्यात इथेनॉलचे पैसे आले, कारखान्यांनी उसाची देणी त्यातून भागवली, याचा मला आनंदच आहे. फक्त त्या आनंदाची वर्गणी कुणाकुणाकडून गोळा झाली, तेही सांगावं.

गाडी माणूस दहा-पंधरा वर्षांसाठी घेतो आणि धोरण दोन वर्षांत बदलतं. त्यामुळे इंधनाचा भाव बघून गाडी निवडणं हा सामान्य माणसासाठी जुगार आहे, त्यात पत्ते पिसणारा दुसराच. म्हणून मला 'योग्य गाडी कोणती' या विषयावरचे सल्ले ऐकवत नाहीत.

ज्यांना निवड आहे ते काय निवडतात, तेही बघण्यासारखं आहे. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहनं खपली, त्यातली जवळजवळ २८ लाख एसयूव्ही आणि तत्सम मोठ्या गाड्या. आपल्याकडे पेट्रोल शंभरीपार असताना! आणि दुचाकी? २०१८-१९ मध्ये दोन कोटी बारा लाखांच्या घरात खपल्या होत्या; २०२४-२५ मध्येही तो आकडा पुन्हा गाठता आला नव्हता. शंभर सीसीची साधी गाडी घेणारा माणूस बाजारातून हळूच मागे सरला, आणि दोन टनांची गाडी घेणाऱ्याने काचही खाली केली नाही. इंधनाच्या भावाने काटकसर कुणाला शिकवली, याचं उत्तर यात आहे.

भाव कोण ठरवतं याबद्दल आता कुणी भोळं राहिलेलं नाही. कागदावर जून २०१७ पासून दर रोज बदलतो. प्रत्यक्षात २०२१ च्या दिवाळीपासून पाच राज्यांच्या निवडणुका उरकेपर्यंत साडेचार महिने तो तसूभर हलला नाही, आणि मग २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत दहा रुपये चढला. त्याआधी, २०२० च्या उन्हाळ्यात, जगात तेल मातीमोल झालं होतं. ते स्वस्त तेल आपल्या पंपावर पोचलंच नाही. ५ मेच्या रात्री केंद्राने पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये उत्पादन शुल्क चढवलं. राज्यही मागे नाही. २०१५ च्या दुष्काळात महाराष्ट्राने लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार लावला होता. पाऊस पडला, धरणं भरली, पुढच्या वर्षी पुन्हा पडला. अधिभार काही त्या पाण्याबरोबर वाहून गेला नाही, उलट २०१७ मध्ये महामार्गावरची दारूची दुकानं बंद झाल्यावर बुडालेला महसूलही पेट्रोलवरच चढवला गेला. परभणीकरांना तर मनमाडच्या डेपोतून येणाऱ्या टँकरच्या भाड्यामुळे राज्यातलं सगळ्यात महाग पेट्रोल घ्यायची सवयच झाली आहे. मागास भाग म्हणून सवलत मिळते ती कारखान्याला; दुचाकीवाल्याने अंतराचेही पैसे मोजायचे.

मग पेट्रोल स्वस्त करा, अशी मागणी करू का? इथे माझं बहुतेकांशी जमत नाही. पाच रुपये कमी केले तर आमच्या मुलाचे महिन्याला एकशे तीस वाचतील. मोठी गाडी फिरवत महिन्याला दीडशे लिटर जाळणाऱ्याचे साडेसातशे. जो जास्त जाळतो त्याला जास्त सवलत, आणि पुण्याची हवा आहे त्याहून वाईट. नोव्हेंबर २०२१ मध्ये कपात झाली, मे २०२२ मध्ये झाली, जुलै २०२२ मध्ये राज्यानेही पाच रुपये कमी केले. त्या कपाती कुठे मुरल्या, त्या मुलाला विचारून बघा. त्याला आठवतसुद्धा नाहीत. तो शंभरचंच टाकत होता.

पेट्रोलवर कर असावा. चांगला घसघशीत असावा. पण तो घेतला तर त्याच्या बदल्यात काय दिलं, हे विचारायचा हक्क आहे. २०२५ च्या हिशोबाने लिटरमागे केंद्राचे एकवीस-बावीस आणि राज्याचे चोवीसच्या आसपास, म्हणजे पंचेचाळीसेक रुपये कर. हा मुलगा रोज लिटर जाळतो, म्हणजे महिन्याला अकराशे-बाराशे रुपये कर भरतो, आयकराच्या कक्षेत न येता. आता शेजारी दुसरा आकडा ठेवा. पीएमपीचा, म्हणजे पुण्याच्या शहर बसचा, मासिक पास नऊशे रुपयांचा होता, तो १ जून २०२५ पासून पंधराशेचा झाला. म्हणजे बसच्या पासाच्या तीन चतुर्थांश रक्कम तो दरमहा सरकारला आधीच देतो, आणि ती देतो बसने न जाता.

आणि बसने का जात नाही? दुसरी शिफ्ट रात्री बाराला सुटते. रातराणी बस काही ठरावीक मार्गांवर आहे, भोसरी ते नऱ्हे त्यात बसत नाही. मेट्रो अकराला झोपते. शिवाय सुरुवातीला 'भोसरी' असं नाव दिलेलं मेट्रो स्थानक भोसरीत नाहीच, नाशिक फाट्याजवळ आहे. तिथून एमआयडीसीतलं त्याचं युनिट आणखी काही किलोमीटर. माझं ऑफिस पिंपरीत, वेळ दहा ते सहा. मी स्कूटरने स्वारगेटला जातो आणि तिथून मेट्रो पकडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत मेट्रो आली तेव्हापासून माझं पेट्रोल निम्म्याहून कमी झालं. मी काही जास्त शहाणा नाही. माझा दरवाजा उघडला, एवढंच. ज्याचा पगार माझ्या पगाराचा तिसरा हिस्सा आहे त्याचा उघडला नाही.

दरवाजा उघडला की माणसं येतात, याचा दाखला हवा असेल तर एसटीकडे बघा. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्या भरून वाहू लागल्या. ज्या बायका वडापमध्ये गुडघ्याला गुडघा लावून, नाहीतर कुणाच्या तरी मागच्या सीटवर बसून बाजाराला जात होत्या, त्या एसटीच्या फलाटावर दिसायला लागल्या. पेट्रोल किंवा डिझेल काही त्या महिन्यात महागलं नव्हतं. भाव वाढवून जे झालं नाही ते तिकीट कमी करून झालं.

शहरात आपण उलट केलं. बसचं किमान तिकीट पुण्यात पाचाचं दहा झालं, मुंबईत बेस्टचंही २०२५ मध्ये पाचाचं दहा झालं. गाड्या चालवायला पैसे लागतात, तोटा आहे, सगळं मान्य. पण सप्टेंबर २०२५ पर्यंत डिझेल-सीएनजीच्या नव्या बसवर २८ टक्के जीएसटी होता. मोटारगाडीवर होता तोच टप्पा. पन्नास माणसं नेणारी बस आणि एक माणूस नेणारी गाडी, आपल्या करखात्याला इतकी वर्षं सारखीच चैनीची वाटत होती! पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून २०११ च्या जनगणनेतच ४८ लाख लोक होते. आज किती आहेत ते बायपासवर उभं राहून मोजावं. त्यांच्यासाठी बस आहेत दोन हजारांच्या आत-बाहेर, त्यातल्या रोज काही बंद.

माझी मागणी फार मोठी नाही. या दोन शहरांतल्या पंपांवर जो राज्याचा कर जमा होतो, त्यातला लिटरमागे दुष्काळाचे म्हणून लावलेले दोन रुपये तरी या शहरांच्या बसला द्यावेत. दरवर्षी अर्थसंकल्पात हात पसरायला न लावता, थेट. आणि पहिल्या बस हिंजवडीच्या एसी गाड्यांऐवजी एमआयडीसीच्या शिफ्टच्या वेळांना सुटाव्यात: सकाळी साडेपाचला, दुपारी दोनला, रात्री सव्वाबाराला. भोसरी, चाकण, रांजणगाव. कंपन्यांच्या कायम कामगारांना पूर्वी कंपनीची बस असायची. कंत्राटी पोरांना ती नाही, आणि आता बहुसंख्य पोरं कंत्राटीच आहेत.

परवा दुपारी तो पार्किंगमध्ये गाडी पुसत होता. मी त्याला हे सगळं सांगितलं, जरा उत्साहातच. त्याने फडकं पिळलं.

"बस आली तर गाडी विकशील का रे?" मी विचारलं.

"विकणार नाही, काका. आईला रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायला लागते. पण सेकंड शिफ्टला भर पावसात पंचवीस किलोमीटर हौसेनं कोण चालवतं?"

मग वाकून त्याने पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर फिरवला, दोनदा किक मारली, तिसऱ्यांदा गाडी चालू झाली. सव्वादोन झाले होते. साडेतीनची शिफ्ट होती, आणि वाटेत पंपावर थांबायचं होतं.